मुठीचे सातत्य

भिलाई, २२ जानेवारी २०२४

भिलाई–मरोदा–जामुल परिक्षेत्रीय मराठी ख्रिस्ती मंडळीच्या मुष्टितंडुल-संकलन समितीचे मानद कार्यवाह. दफनभूमी उपसमितीचे निमंत्रक आणि, सहसदस्य देवरावजी निद्रिस्त असताना, बहुमत. पोलाद कारखान्याच्या वजनकाटा विभागातील एकोणतीस वर्षांच्या निष्कलंक तोलाचे धनी. डाव्या गुडघ्यातील संधिवाताचे उदार आश्रयदाते. उपासनामंदिरातील दुसऱ्या बाकाच्या पंख्याखालील टोकाचे वंशपरंपरागत हक्कदार, श्रीमान आनंदराव डोंगरे यांजकडून

जामुलनिवासिनी सौभाग्यवती ताराबाई हेमराज, माजी नियमित सदस्या, यांस

सप्रेम सलाम.

आपले पत्र प्राप्त झाले. दोन वर्षे दोन महिन्यांच्या मौनानंतर सख्ख्या बहिणीचे पत्र यावे आणि त्यात प्रकृतीची चौकशी एका ओळीत व दफनभूमीची चौकशी दीड पानात असावी, हे पाहून आपल्या प्राधान्यक्रमाचे कौतुक वाटले.

हेमराजरावांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत, डॉक्टरांनी 'वर्षभर धरून चाला' असे सांगितले आहे, हे वाचून खेद झाला. त्यांची इच्छा कळली. आपली मुलगी कु. सोनल हिला आठ वर्षांपूर्वी आपण जेथे ठेवले त्या अकरा क्रमांकाच्या जागेत, तिच्या शेजारी, त्यांना विसावायचे आहे. जागा त्याच वेळी दुहेरी घेतलेली आहे हेही नोंदीत आहे. सहा वर्षांच्या मुलीसाठी एवढी रुंद जागा कशाला, असे तेव्हा कोणी विचारले नव्हते.

परंतु नियम सातवा. आपणांस ठाऊक आहेच, तथापि कार्यवाहाने स्मरण देणे उचित. भात शिजत घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी भांड्यातील एक मूठ तांदूळ प्रभूच्या डब्यात काढावा, रविवारी डबा मंडळीत आणावा, तेथून तो निराधार वृद्धांच्या घरी जावा, ही आपली तीन पिढ्यांची रीत. तिला वजनाची व नोंदीची शिस्त मी २०२१ साली, आपली वहिनी अनुजा गेल्यानंतर, लावली. ज्या घरचा डबा सलग बावन्न रविवार येतो त्याच घरची राखीव जागा राखीव राहते. आपला डबा नोव्हेंबर २०२१ च्या उपकारस्तुतीच्या सणापासून आलेला नाही. सबब अकरा क्रमांकातील सोनलची बाजू सोनलची आहे. दुसरी बाजू मंडळीची आहे.

त्या सणाच्या दिवशी मी व्यासपीठावरून एक वाक्य उच्चारले होते असे आपण लिहिता. मला ते शब्दशः आठवते, कारण ते चांगले होते. 'जामुलहून आलेली मूठ पाहता गवंड्याच्या हातावर सिमेंट सुकले असावे, उघडतच नाही.' लोक हसले. डब्यात तांदळाची कनकी, म्हणजे फुटका तुकडा, होती, तीही अर्धा डबा. हेमराजरावांचे गवंडीकाम तेव्हा सुटले होते हे मला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर मी वेगळा विनोद केला असता.

माझ्या घरचा डबा, गृहिणी नसतानाही, एकही रविवार चुकलेला नाही, हे केवळ उदाहरणादाखल.

आपला ज्येष्ठ बंधू,
आनंदराव


भिलाई, १२ फेब्रुवारी २०२४

ताराबाई यांस सलाम.

काल उपासनेनंतर आपण मंदिराच्या पायरीवर जे केले त्याची लेखी दखल घेणे प्राप्त आहे.

आपण ऑटोतून तांदळाचा तीस किलोचा कट्टा उतरवून माझ्या काट्यासमोर ठेवलात आणि सर्वांसमक्ष म्हणालात, "दादा, हे घे. रोजच्या दोन वेळच्या, वर्षभराच्या मुठी हायेत. रात अन् दिवस बसून हिशेब केला आमी दोघायनं. आता तं जागा देशीन?"

मी पडताळून पाहिले. मूठ चाळीस ग्रॅम, आठवड्याच्या चौदा, म्हणजे पाचशे साठ. गुणिले बावन्न, एकोणतीस किलो एकशे वीस. वरचे आठशे ऐंशी ग्रॅम आपण माझ्या तोंडावर फेकण्यासाठी घातले असावेत. गणित अचूक होते. अध्यात्म चुकीचे होते.

आपली आई काय म्हणायची? "मूठ मोठी नोको, रोजची पायजे." आपण दोघे चुलीपाशी बसलेले असायचो आणि ती भुकेल्या पोरांच्या भांड्यातून मूठ काढायची. आपण रडायचात. मी रडत नसे, मी मोजत असे. नियमित दान म्हणजे तांदूळ नव्हे, ताराबाई. ते हाताला लावलेले वळण आहे. रोज थोडे सोडायला शिकलेला हात शेवटी सगळे सोडू शकतो, असे जुने पाळक सांगत. कट्ट्याने हात शिकत नाही, फक्त कंबर दुखते. वर्षभराचा श्वास एकदम घेऊन कोणी जगलेला नाही.

म्हणून कट्टा परत केला. तो उचलताना आपल्याला जड गेला हे मी पाहिले. समिती-सदस्या सिंधुताईंनी हात लावला, मी लावला नाही, कारण समितीच्या कार्यवाहाने अमान्य दानास स्पर्श करू नये.

ऑटोत हेमराजराव बसले होते. चेहरा पिवळा, पाय सुजलेले. त्यांनी मला हात वर करून सलाम केला. मी त्या वेळी काट्याचे शून्य तपासत होतो.

मार्ग बंद नाही. येत्या रविवारपासून, म्हणजे अठरा तारखेपासून, डबा स्वतः आणावा. बावन्नावा रविवार पुढील फेब्रुवारीत पडतो. डॉक्टरांनी वर्षभर म्हटले आहेच. हेमराजरावांना थोडी चिकाटी धरण्यास सांगावे.

आनंदराव


भिलाई, २९ एप्रिल २०२४

तारास सलाम.

अकरा रविवार झाले. नोंदवहीत आपल्या नावासमोर अकरा खुणा आहेत आणि एकही वजन पाचशे साठच्या खाली नाही. कार्यवाह या नात्याने समाधान व्यक्त करतो. बंधू या नात्याने काय व्यक्त करावे याची तरतूद नियमात नाही.

जामुलहून दोन बसा बदलून येतेस, उन्हात. डबा काट्यावर ठेवतेस, दुसरीकडे पाहतेस. काल मी विचारले, "जेवतात का हेमराजराव?" तू म्हणालीस, "दोन घास. डबा रिकामा करून दे दादा, मले बस पकडाची हाये." आईही पाहुण्यांसमोर असेच बोलायची, अर्धे वाक्य दारातच ठेवून.

उपासनेनंतर समितीची सभा झाली. तुझ्या कानावर विपर्यास जाण्यापूर्वी अधिकृत वृत्तांत कळवतो.

सिंधुताईंनी ठराव मांडला की आजारपण पाहता नियम सातवा शिथिल करावा. मी म्हटले, "नियमाला सहानुभूती नसते, म्हणूनच तो सर्वांना सारखा असतो."

त्या म्हणाल्या, "आनंदराव, तुमी काटा हाती घेऊनच जन्मले का? अनुजाबाई व्हती तवा तुमी असे नव्हते. द्या न बापा त्याले जागा. मेलेला माणूस किती जागा खाते?"

"साडेसहा फूट गुणिले तीन," मी म्हणालो.

"अन् येशूनं कोनाची मूठ तोलून पायली व्हती, सांगा मले."

देवरावजी हसले. ते जागे होते हे तेव्हा कळले. मी खोकलो, तेव्हा त्यांचे डोळे पुन्हा मिटले. एक मत बाजूने, एक निद्रिस्त. निर्णायक मत माझे. मी निर्णय राखून ठेवला.

नकार दिला नाही, हे लक्षात घे. राखून ठेवला. माझ्या हयातीत मी एखाद्याला दिलेली ही सर्वांत मोठी सवलत आहे. आता एकूण वीस रविवार नीट गेले, तर एखादा अपवाद सुचवता येईल असे माझ्या मनात आहे. हे पत्र कोणाला दाखवू नकोस.

दादा


भिलाई, १० जून २०२४

ताराबाई यांस सलाम.

परवा, शनिवारी, येथील बाजारात बाबुलाल किराणावाल्याच्या दुकानी आपण उभ्या होतात. हेमराजरावांना रुग्णालयात रक्तशुद्धीच्या यंत्रावर बसवून त्यांच्यासाठी बिस्किटे घ्यायला आल्या असाल असा माझा तर्क. मी खांबापलीकडे होतो आणि आपण मला पाहिले नाही अशी माझी समजूत होती, ती बाबुलालने दूर केली. त्याचा आवाज आपणांस ठाऊक आहे, मरोद्यापर्यंत जातो.

"साहब! आपका चर्चवाला चावल तौल के रखा है, हर शनिचर जैसा, पाँच सौ साठ. ले जाओ. घर में रोज मुट्ठी निकालने के झंझट से तो येई बढ़िया."

आपण वळून पाहिलेत. मग बिस्किटाचा पुडा घेतलात, सुटे मोजलेत आणि गेलात.

बाबुलाल विनोदी मनुष्य आहे. दुकानदारांच्या विनोदाला प्रमाण मानू नये. तो तांदूळ घरखर्चाचा होता. एकट्या माणसालाही तांदूळ लागतो.

काल रविवारी आपण डबा आणलात, सतरावा. मी आपल्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. आपण म्हणालात, "सलाम, दादा." एवढेच. सिंधुताई शेजारी उभ्या होत्या. देवरावजी जागे होते. आपण एक वाक्य बोलल्या असतात तर नियम सातवा उपस्थितांपैकी आणखी एका घराला लागू झाला असता आणि अनुजाच्या शेजारची चौदा क्रमांकाची जागा आज मंडळीची असती. बोलल्या नाहीत.

एकोणतीस वर्षे मी तोलकाट्यावर बसलो आहे, ताराबाई. ट्रकवाला गप्प राहून हसतो तेव्हा खाली दगड भरलेले असतात. आपण गप्प राहिलात ते कशाच्या मोबदल्यात, हे मला कळत नाही असे समजू नये. आपल्या मौनाने अकरा क्रमांकाची दुसरी बाजू मिळेल अशी अपेक्षा असेल, तर कार्यवाह विक्रीस नाही.

आनंदराव डोंगरे


भिलाई, १ जुलै २०२४

ताराबाई यांस सलाम.

काल, ३० जून रोजी, आपण अनुपस्थित होतात.

आपला डबा आला हे मान्य आहे. तो आपल्या शेजारीण रुक्माबाईंनी आणला. मंडळीच्या त्या सदस्या नाहीत. त्यांनी चपला बाहेर काढून पदर डोक्यावर घेतला आणि उपासना संपेपर्यंत दाराशी उभ्या राहिल्या. नंतर काट्याजवळ येऊन म्हणाल्या, "तारा दीदी भेजे हे, साहेब. भइया अस्पताल मा भरती हे, ओकर साँस नइ चलत रिहिस. तभो ले दीदी रोज के मूठा निकालिस. मँय देखे हँव."

म्हणजे, हेमराजराव भरती, श्वास अडलेला, तरी आपण रोज मूठ काढलीत आणि ते त्यांनी पाहिले. मी तांदूळ काट्यावर घातला. पाचशे साठ. हे मी मुद्दाम नोंदवतो, जेणेकरून वजनाबाबत आपल्या प्रामाणिकपणावर कोणाला शंका राहू नये.

मग डबा भरून त्यांना परत दिला. नियम सातवा, पोटकलम दोन: 'दान त्या घरच्या व्यक्तीच्या हातूनच यावे.' शेजाऱ्याच्या हातून आलेली मूठ ही शेजाऱ्याची मूठ. सिंधुताई म्हणाल्या, "अहो, हे पोटकलम कदी लिहिलं?" मी म्हणालो, ते पूर्वीपासून अभिप्रेत होते.

रुक्माबाईंनी काही वाद घातला नाही. त्यांनी फक्त विचारले, "त एला का करौं?" याचे मी काय करू? उत्तर नियमात नसल्याने मी दिले नाही. त्या डबा छातीशी धरून बसथांब्याकडे गेल्या. दोन बसा येताना, दोन बसा जाताना.

परिणामी सातत्य खंडित झाले आहे. पूर्वीचे एकोणीस रविवार गणनेतून वगळण्यात येत आहेत. सात जुलैपासून गणना पुनश्च एकपासून सुरू होईल. बावन्नावा रविवार आता पुढील वर्षीच्या जूनअखेर.

हे मी रागाने करतो असे समजू नये. उलट, मी कोणाच्याही मौनाच्या दडपणाखाली नाही हे आपणांस स्पष्ट दिसावे म्हणून करतो. आता तरी आपल्याला जे बोलायचे असेल ते मंडळीसमोर बोलावे. मी सात तारखेला काट्यावर आहे.

आनंदराव डोंगरे


भिलाई, २२ जुलै २०२४

तारा,

सलाम.

सात तारखेला तू आली नाहीस. चौदाला आली नाहीस. मला वाटले हा निषेध आहे आणि मी निषेधाला शोभेल असे एक पत्र मनात रचत होतो. ते चांगले जमले होते.

बुधवारी, सतराला, हेमराजराव गेल्याचे मला गुरुवारी सकाळी सिंधुताईंकडून कळले. त्या म्हणाल्या, "झाला तुमचा हिशेब, आनंदराव? का अजून काही ग्रॅम बाकी हायेत?" तासाभरात समितीची तातडीची सभा बोलावली. उपस्थित तीन. अपवाद म्हणून अकरा क्रमांकाची दुसरी बाजू हेमराजरावांना द्यावी, असा ठराव मीच मांडला, मीच अनुमोदन दिले. देवरावजी म्हणाले, "हे आधी नसतं झालं का?" पहिल्यांदाच ते सभेत बोलले, आणि मी खोकलो नाही. ठराव एकमताने संमत झाला. मी तो सुवाच्य अक्षरांत लिहिला, मंडळीचा शिक्का उमटवला आणि दफनभूमीची कामे पाहणाऱ्या कवडूजवळ सायकलवरून जामुलला पाठवला.

कवडू दुपारी ठराव घेऊन परत आला. म्हणाला, "साहेब, ते तं कालच मातीआड झाले. भिलाई-३ ला. ताराबाई म्हणे, तितल्या मंडळीवाल्यायले इचारलं तं ते म्हणे जागा हाये, या."

"काय काय विचारले त्यांनी? पावती? सदस्यत्व?"

"कायी नाही. नाव इचारलं अन् उंची."

नाव आणि उंची. मी ते वाक्य चार दिवस उलटून पाहतो आहे. त्यात दोष सापडत नाही.

आता एक गोष्ट लिहितो, ती कार्यवाह लिहीत नाही. बाबुलाल खरे बोलला. अनुजा गेल्यापासून माझ्या घरी चूल पेटलेली नाही. डबेवाल्या बाईंकडून जेवण येते; झाकण उघडतो तेव्हा भात शिजलेलाच असतो. शिजलेल्या भातातून मूठ कशी काढायची? पहिल्या रविवारी मी रिकामा डबा घेऊन निघालो होतो. वाटेत दुकान उघडे दिसले. पुढच्या रविवारी विचार न करता तेथेच वळलो. मग कोणाला कळू नये म्हणून काटा आणला. काट्यावर माझा तांदूळ आणि कोणाचाही तांदूळ सारखाच दिसतो. मग नियम. प्रत्येक नियम हा त्या पहिल्या रविवारावर टाकलेला मुरूम आहे. तीन वर्षांत माझ्या हाताने एकदाही मूठ वळलेली नाही, आणि मी तुझी मोजत बसलो.

तुला हे कळले होते आणि तू बोलली नाहीस. मला वाटले तू सौदा करते आहेस. सौद्याला नाही म्हणायचे म्हणून मी रुक्माबाईंचा डबा परत पाठवला. हे एवढे कारण होते, तारा. दुसरे मोठे कारण शोधून पाहिले, नाही सापडले.

ठराव सोबत जोडला आहे. त्याचा आता उपयोग नाही. तरी मूळ प्रत आहे, जपून ठेव.

दादा


भिलाई, ९ सप्टेंबर २०२४

श्रीमती ताराबाई हेमराज यांस सलाम.

गेल्या गुरुवारी आपण दफनभूमीत येऊन गेलात, हे कवडूच्या तोंडून व त्याच्याजवळ आपण ठेवलेल्या चिठ्ठीवरून कळले. मी त्या वेळी सेवानिवृत्तीच्या कागदांसाठी कारखान्याच्या कचेरीत होतो. आपण तो दिवस निवडला हा योगायोग असेल.

चिठ्ठी दप्तरी ठेवण्यासाठी तिची नक्कल करणे आवश्यक होते. ती येथे उतरवतो, म्हणजे मजकुराबाबत मतभेद राहू नये:

"दादा, सलाम. सोनलचा दगड घेऊन जाऊन राहिली. तिच्या डोक्याकडची माती बी, पोतंभर. तिले उचलता येत नाही, मले मालूम हाये, सरकारी कागद लागते, अन् तिची झोप कावून मोडाची. माती अन् नाव तिच्या बापाजवळ नेऊन ठेवते. ते शेवटच्या दिवसाले इचारत व्हते, किती रविवार झाले. मी त्याह्यले सांगत गेली, एकवीस, बावीस. एकावर आलो हे नाही सांगितलं. खोटं बोलली, देव माफ करन.

दुकानात मी ऐकलं व्हतं. पन तुह्या घरी चूल पेटत नाही हे मले वैनी गेली तवापासूनच मालूम हाये. एकटा माणूस डबा खाते, त्याचं काय चारचौघात सांगाचं? म्हणून नाही सांगितलं. दुसरं कायी नव्हतं माह्या मनात. तुही जागा वैनीजवळ राहू दे. मी कोनाले सांगनार नाही. मूठ मी आता बी काढते, घरच्या घरी रुक्माच्या डब्यात टाकते. ते तोलत नाही.

आता अकरा नंबरची दुसरी बाजू मोकळी समज. कोनालेबी दे. पत्र धाडू नोको."

आपल्या चिठ्ठीतील भावनांची नोंद घेतली आहे. शेवटच्या सूचनेचे पालन होऊ शकले नाही, कारण खालील बाब प्रशासकीय स्वरूपाची आहे.

काल रविवारी मी काटा मांडला नाही. सिंधुताईंनी विचारले, बिघडला का. मी म्हणालो, होय. डबे तसेच ओतले गेले. मी माझा आणला नव्हता. कोणी विचारले नाही. हा अहवालाचा भाग नाही, ओघात आले.

मुख्य बाब अशी. अकरा क्रमांकावर, जेथून आपण माती नेलीत तेथे, सुमारे दीड फुटाचा खड्डा राहिला आहे. पाऊस चालू असल्याने त्यात पाणी साचते. मी काल दुपारी व आज सकाळी जाऊन पाहिले. खाली मूल आहे हे लक्षात घेता पाणी साचू देणे योग्य नाही. कडेला मुरमाचा ढीग पडलेला आहे आणि कवडू रजेवर असला तरी मी स्वतः तो खड्डा भरू शकतो, गुडघ्याची अडचण धरूनही. परंतु माती ऑटोपर्यंत नेण्यासाठी कवडूने आपणांस समितीचे एकमेव लोखंडी घमेले दिले होते. ते ऑटोबरोबर गेले असे तो म्हणतो. ऑटोवाला म्हणतो, जामुलला उतरवले. हातांनी मुरूम टाकून पाहिला. फार थोडा जातो आणि पाण्याखाली दिसेनासा होतो. घमेल्याच्या एका कानाला तांबडा रंग आहे. ते अद्याप परत आलेले नाही.

आनंदराव डोंगरे